दोघांसाठी हलका ट्रेकिंग तंबू कसा निवडावा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सगळं सामान पाठीवर घेऊन चालणाऱ्यांसाठी हे पान आहे. एका रात्री निरभ्र आकाश, दुसऱ्या रात्री सहा तास पाऊस, तिसऱ्या रात्री डोंगरधारेवरचा वारा, आणि तंबू मात्र एकच. गाडीशेजारी मुक्काम करणाऱ्यांनी वजनाचा विचार सोडून मोठा, जाड कापडाचा तंबू घ्यावा.

हलका म्हणजे नेमका किती वजनाचा?

दोन थरांचा (आतलं इनर आणि वरून पाणी अडवणारं आउटर) आणि स्वतःच्या पोलवर, म्हणजे सांगाड्याच्या नळ्यांवर, उभा राहणारा दोघांचा तंबू सगळं मिळून दीड ते दोन किलोत बसला, तर तो हलकाच. पोल कमी करून पेगच्या (जमिनीत ठोकायच्या खुंट्यांच्या) ताणावर उभे राहणारे तंबू एक ते दीड किलोत येतात. चालायच्या काठ्यांवर उभारायचे तंबू किलोच्या आसपास असतात. त्यातले डायनीमा या अतिशय हलक्या कापडाचे, एका थराचे तंबू तर पाचशे-सहाशे ग्रॅमपर्यंत उतरतात.

फसगत होते ती आकड्यांची तुलना करताना. ‘मिनिमम वेट’ किंवा ‘ट्रेल वेट’मध्ये बहुतेकदा फक्त इनर, आउटर आणि पोल धरलेले असतात. पेग, दोऱ्या आणि पिशव्या ‘पॅक्ड वेट’मध्ये येतात. तुलना ‘पॅक्ड वेट’चीच करा. त्यातही सोबत आठ पेग येतात आणि तंबूला जागा बारा असतात, असं सर्रास दिसतं. ॲल्युमिनियमचा चांगला वाय-आकाराचा पेग 10 ते 14 ग्रॅमचा असतो, म्हणजे राहिलेल्या चार पेगचे आणखी पन्नासेक ग्रॅम धरायचे.

शिवाय हे वजन दोघांत वाटलं जातं. एकाकडे आउटर आणि पेग, दुसऱ्याकडे इनर आणि पोल. 300 ग्रॅम जड तंबू घेतला तरी प्रत्येकाच्या सॅकमध्ये 150 ग्रॅमच वाढतात. तेवढ्यासाठी दुसरं दार किंवा एक जादा पोल सोडू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

‘टू-पर्सन’ लिहिलेल्या तंबूत दोघं खरंच मावतात का?

मावतात, पण झोपायच्या मॅटची मापं जुळवून बघितल्यावरच खात्री धरा. नेहमीची मॅट 51 सेंटिमीटर रुंद असते, रुंद मॅट 64 सेंटिमीटर. दोन नेहमीच्या मॅट म्हणजे 102 आणि दोन रुंद म्हणजे 128. बऱ्याच हलक्या तंबूंची जमीन, म्हणजे तळाचं कापड, डोक्याकडे 130 सेंटिमीटरच्या आसपास आणि पायाकडे निमुळती होत 107 सेंटिमीटरपर्यंत येते. अशा तंबूत दोन रुंद मॅट डोक्याकडे बसतात आणि पायाकडे एकमेकींवर चढतात. म्हणून पायाकडची रुंदी वेगळी विचारा.

लांबीचा आकडाही कागदावर फसवा असतो. तंबूच्या भिंती उतरत्या असतील, तर 215 सेंटिमीटरच्या जमिनीतले दोन्ही टोकांचे वीतभर निकामी जातात. 7-8 सेंटिमीटर जाड मॅटवर झोपलात की डोकं आणखी वर येतं आणि कापडाला लागतं. उंचीत किमान 30 सेंटिमीटर मिळवून येईल तेवढी जमीन हवी. सहा फुटी माणसाने उभ्या भिंतींचाच तंबू बघावा. स्लीपिंग बॅगचं पायाकडचं टोक रात्रभर ओल्या कापडाला टेकलं, तर पहाटे पाय गार पडतात आणि दोष विनाकारण स्लीपिंग बॅगेला दिला जातो.

थ्री-सीझन घ्यावा की फोर-सीझन?

थ्री-सीझन म्हणजे बर्फाळ हिवाळा सोडून बाकीच्या हंगामांसाठीचा, फोर-सीझन बर्फासाठीचाही. बर्फात मुक्काम ठरलेला नसेल तर थ्री-सीझन. फोर-सीझन तंबूत पोल जास्त, कापड जाड आणि इनर जाळीऐवजी बंद कापडाचं असतं. त्यामुळे तो जड होतो आणि दमट, उबदार रात्री आतून घाम धरतो.

हवामान खरोखरच दोन्ही टोकांचं असेल तर मधला पर्याय चांगला: पोल थ्री-सीझनचे, पण इनरचा खालचा अर्धा भाग बंद कापडाचा आणि वर जाळी. पूर्ण जाळीच्या इनरमधून वाऱ्याबरोबर बारीक वाळू आणि भुरभुरता बर्फ सरळ आत येतो. आणि थ्री-सीझन तंबूवर बर्फ पडायला लागलाच, तर रात्री उठून आतून कापड थोपटत राहावं लागतं. ओल्या बर्फाच्या वजनाने पोल वाकतात.

फ्रीस्टँडिंग, सेमी-फ्रीस्टँडिंग, टनेल, ट्रेकिंग पोल: यात फरक काय पडतो?

निवडीतला सगळ्यात मोठा निर्णय हाच आहे. कापड आणि रंग नंतर.

*फ्रीस्टँडिंग* तंबूचे पोल चारही कोपऱ्यांत टेकतात. पेग न ठोकता तो उभा राहतो आणि उभा असतानाच उचलून दोन हात बाजूला सरकवता येतो. कातळावर, लाकडी फलाटावर, जिथे पेग शिरतच नाही तिथे हाच सोयीचा. बिग ॲग्नेस कॉपर स्पर आणि एमएसआर हब्बा हब्बा ही यातली ओळखीची नावं. पण ‘पेग लागत नाहीत’ हा गैरसमज आहे. रिकामा फ्रीस्टँडिंग तंबू वाऱ्यात उडतो आणि गडगडत दरीत जातो. उभा केला की पहिला पेग लगेच, सॅक आत टाकायच्याही आधी.

*सेमी-फ्रीस्टँडिंग*मध्ये पोल डोक्याकडे दोन कोपऱ्यांत आणि पायाकडे एकाच मधल्या बिंदूवर येतो. पायाकडचे दोन कोपरे पेगने ताणावे लागतात. दोनेकशे ग्रॅम वाचतात, पायाकडची जागा थोडी कमी होते. मातीच्या जमिनीवर काही अडत नाही.

*टनेल*मध्ये पोलच्या कमानी एकामागे एक असतात. वजनाच्या मानाने जागा सगळ्यात जास्त मिळते, आणि निमुळतं टोक वाऱ्याकडे असेल तर तो वारा छान झेलतो. मात्र पुढचे-मागचे पेग निघाले की आख्खा तंबू बसतो. आणि वारा मध्यरात्री फिरून आडवा आला, तर बाजू आत दाबली जाते.

*ट्रेकिंग पोल*वर उभा होणारा तंबू वजनात सगळ्यांना हरवतो. दोघांकडेही काठ्या असतील तर निम्मा सांगाडा तुम्ही नाहीतरी वाहतच असता. ड्युरस्टन एक्स-मिडसारख्या रचनेत दोन काठ्या वापरतात आणि जमिनीवरचा आयत नीट ठोकला की बाकीचं आपोआप जुळतं. अडचण दोन ठिकाणी येते: खडकाळ जमीन, आणि तंबू लावून ठेवून काठी घेऊन माथा गाठायचा बेत. शिवाय इथे आकार पेगच्याच हातात असतो. एक कोपरा तिरका गेला की आख्खं आउटर सुरकुततं, आणि सुरकुतलेलं कापड रात्रभर फडफडतं.

जमीन कुठली मिळेल याची खात्री नसेल तर फ्रीस्टँडिंग घ्या. माती किंवा गवत नक्की असेल आणि काठ्या वापरायची सवय असेल, तर ट्रेकिंग पोलचा.

पाऊस नसतानाही तंबू आतून ओला का होतो? कापड गळतं का?

बहुतेक वेळा गळत नसतं. दोन माणसांच्या श्वासातून आणि त्वचेतून रात्रभरात पाव ते अर्धा लिटर पाणी वाफ होऊन बाहेर पडतं. ही वाफ थंड आउटरला लागली की थेंब होतात. निरभ्र रात्री कापड आपली उष्णता आकाशाकडे टाकतं आणि भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होतं. म्हणून स्वच्छ चांदण्याच्या, वारा पडलेल्या रात्री आउटर सगळ्यात जास्त भिजतं, आणि लोक म्हणतात, “पाऊस तर नव्हता!”

ओळखायची खूण सोपी आहे. थेंब सगळ्या कापडावर सारखे पसरलेले असतील तर तो दमटपणा. शिवणीच्या एका टाक्याशी थेंब फुगतोय, सुटून ओघळतोय आणि तिथेच पुन्हा दुसरा फुगतोय, तर ती गळती.

दमटपणा शून्यावर आणता येत नाही, कमी करता येतो. निवडताना बघायचं ते हे: आउटरची खालची कड जमिनीपासून 8-10 सेंटिमीटर वर राहते का, आणि माथ्याजवळ झडप आहे का. खालून थंड हवा शिरते, वरून दमट हवा निघते. यातलं एक जरी बंद असेल तरी दुसऱ्याचा फारसा उपयोग नाही. झडप पावसातही उघडी ठेवता यावी, म्हणजे तिला आत काडी आणि वर झालर हवी.

मुक्कामाची जागाही तेवढीच महत्त्वाची. ओढ्याच्या काठी आणि खोलगट जागी थंड, दमट हवा साठते. तिथून थोडं वर चढून, झाडांच्या आडोशाला तंबू लावला तर सकाळी फरक हाताला कळतो. मात्र वाळक्या फांद्यांखाली नको. ओले कपडे आणि बूट इनरमध्ये घेऊ नका. एक छोटं शोषक फडकं जवळ ठेवा. पहाटे आउटर आतून पुसलं की सॅकमध्ये जाणारं पाणी कमी होतं.

मग एका थराचा तंबू चालेल का?

कोरड्या, वारा खेळत्या हवेत उत्तम. दमट हवेत दोघांसाठी त्रासाचा. दोन थरांच्या तंबूत थेंब आउटरवर राहतात आणि इनर तुमच्या अंगाला त्यापासून दूर ठेवतं. एका थरात कोपर टेकलं की बाही ओली. हवामान मिश्र असेल तर दोन थरच घ्या.

कापडावर 1200, 1500, 3000 मिमी लिहिलेलं असतं. जास्त आकडा म्हणजे चांगलं ना?

कापडावर पाण्याचा स्तंभ उभा करून ते कितव्या मिलिमीटरला झिरपतं, याचा तो आकडा आहे. 1500 मिमी म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला 150 ग्रॅम दाब. ताणलेल्या, उतरत्या आउटरवर पाऊस एवढा दाब देत नाही, म्हणून आउटरला 1200 ते 1500 पुरतं.

जमिनीचा हिशोब वेगळा. 60 किलोच्या माणसाने गुडघे टेकले आणि दोन्ही मिळून 100 चौरस सेंटिमीटर जागा टेकली असं धरलं, तर दाब दर चौरस सेंटिमीटरला 600 ग्रॅम होतो. म्हणजे 6000 मिमीचा स्तंभ. म्हणून 3000 मिमीची नवी जमीनसुद्धा चिखलावर गुडघ्यांखाली ओलावते, आणि त्यात तंबूचा दोष नसतो. आत आल्यावर मॅटवर बसा, एवढाच उपाय. आकडा कोऱ्या कापडाचा असतो, हेही लक्षात ठेवा. घड्या, उन्हं आणि घासणं यांनी तो उतरतो. त्यामुळे जमिनीला 3000च्या खाली जाऊ नये.

नायलॉन, पॉलिस्टर की डायनीमा?

सिलिकॉन चढवलेलं नायलॉन त्याच्या वजनाच्या मानाने फाटायला फार चिवट असतं. दोष एकच: ते पाणी पितं आणि सैल पडतं. संध्याकाळी घट्ट ताणलेलं आउटर पाऊस सुरू झाल्यावर तासाभरात लोंबतं, इनरला चिकटतं आणि मग ओल आत येते. झोपण्याआधी एकदा बाहेर जाऊन सगळ्या दोऱ्या पुन्हा ताणणं हाच यावरचा इलाज.

पॉलिस्टर जवळजवळ पाणी पीत नाही, ताण टिकवतं आणि उन्हालाही जास्त पुरतं. तेवढ्याच वजनात ते फाटायला थोडं सोपं असतं. पावसाळी प्रदेशात आमचा कल पॉलिस्टरकडे आहे.

डायनीमा कॉम्पोझिट हे विणलेलं कापड नाही. पातळ फिल्मच्या दोन थरांत धागे चिकटवलेले असतात. ते पाणी पीत नाही, ताणतही नाही, आणि अतिशय हलकं असतं. पण टोचण्या-घासण्याने खराब होतं आणि घडी मोठी होते.

कापडासमोर 15डी, 20डी असं लिहिलेलं असतं तो डेनियर, म्हणजे 9000 मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. आउटरला 15-20 आणि जमिनीला 20-30 हा हलक्या तंबूचा समजूतदार टप्पा. जमीन 10डीची असेल तर खाली अंथरायला वेगळं काहीतरी न्यावंच लागेल, मग वजन वाचलं कुठे?

शिवणींना स्वतः सील करावं लागतं का?

आउटरच्या आतल्या बाजूला पाणी अडवणारा पॉलियुरेथेनचा थर असेल तर कारखान्यातच शिवणीवर टेप लावलेली असते. दोन्ही बाजूंना सिलिकॉन असेल तर नेहमीची टेप चिकटतच नाही. अशा तंबूला सिलिकॉनचं सीलर लावावं लागतं. काही उत्पादक ते लावून देतात, काही देत नाहीत. विचारून घ्या. तंबू ताणून उभा करा, ब्रशने पातळ थर शिवणीवर आणि दोऱ्यांच्या टाक्यांवर लावा, रात्रभर वाळू द्या. सिलिकॉनवर सिलिकॉनचंच सीलर, पॉलियुरेथेनवर पॉलियुरेथेनचं. उलट केलं तर पापुद्रा निघतो.

पोल ॲल्युमिनियमचे की कार्बनचे?

ॲल्युमिनियमचे. वाऱ्यात ते वाकतात, पण वाकल्यावरही बहुतेकदा रात्र काढतात. कार्बनचा पोल चिरफळतो, आणि त्याची धार कापडात घुसते. फायबरग्लास जड आणि ठिसूळ, चालणाऱ्यांनी विचारच करू नये.

पोल तुटतो तो बहुधा वाऱ्याआधीच, जोडताना. एक तुकडा दुसऱ्यात पूर्ण बसला नाही, दोन-तीन मिलिमीटर फट राहिली, की कमान केल्यावर सगळा जोर नळीच्या कडेवर येतो आणि तिथे केसाएवढी चीर पडते. म्हणून पोल झटकून आपोआप जुळू देऊ नका. एकेक सांधा हाताने बसवा आणि फट नाही ना हे बघा. घडी घालताना मधल्या सांध्यापासून सुरुवात करा, म्हणजे आतल्या रबरी दोरीवर ताण सारखा पडतो. दुरुस्तीची छोटी नळी तंबूसोबत येते. तिच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी गुंडाळून ती तुटक्या जागेवर पक्की करायची.

आधी इनर लागतं की आउटर? त्याने काय बिघडतं?

पावसात तंबू लावताना बिघडतं. आधी इनर उभं करावं लागत असेल, तर आउटर येईपर्यंत जमिनीत पाणी साचतं. आधी आउटर किंवा दोन्ही एकत्र लागणारी रचना पावसाळी प्रदेशात खूप सोयीची: आडोशाखाली उभं राहून इनर टांगता येतं. उघड्या रात्री नुसत्या जाळीत झोपायला आवडत असेल तर आधी इनरवाला बरा. दोन्हीची हौस असेल तर असे तंबू बघा ज्यांत इनर एकटंही उभं राहतं.

जोराच्या वाऱ्यात हलका तंबू टिकतो का?

नीट लावला तर बरंच टिकतो. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी 40 किलोमीटरचा वारा 80 झाला की तंबूवरचा भार चौपट. संध्याकाळी ठीक वाटलेला तंबू म्हणूनच मध्यरात्री आडवा होतो.

कमी उंचीची, निमुळती बाजू वाऱ्याकडे करा. आउटरच्या मध्यावरच्या दोऱ्या वापराच. बऱ्याच जणांच्या त्या गुंडाळलेल्याच राहतात. आउटरच्या आतून, नेमक्या या दोऱ्यांच्या मागे, वेल्क्रोची छोटी पट्टी असते. ती पोलभोवती बांधली की दोरीचा ताण थेट पोलला मिळतो. न बांधता दोरी ताणली तर नुसतं कापड ओढलं जातं आणि पोल मोकळाच डुलत राहतो.

पेगचं डोकं तंबूपासून थोडं बाहेर झुकवा, तो पूर्ण आत ठोका आणि दोरी मातीलगत ठेवा. डोकं चार बोटं वर राहिलं की वारा त्यालाच धरून हलवून उपटतो. पेग शिरत नसेल तिथे दोरीचा फास एका काडीत अडकवा, काडी आडवी ठेवा आणि दोरीवर, काडीच्या तंबूकडच्या बाजूला, मोठा दगड ठेवा. वाळूत आणि बर्फात बारीक पेग निरुपयोगी. तिथे पेग आडवा पुरून वर तुडवायचं, किंवा पिशवीत वाळू-बर्फ भरून ती पुरायची.

दारं एक की दोन?

दोन. रात्री कोणाला तरी उठावं लागतंच.

जमिनीखाली वेगळी शीट हवी का?

खडबडीत जागी हवी. ती तंबूच्या जमिनीपेक्षा प्रत्येक बाजूने पाच सेंटिमीटर लहान असावी. कड बाहेर राहिली तर आउटरवरून ओघळलेलं पाणी शीटवर पडतं आणि थेट तुमच्या खाली साठतं.

पावसात दारातल्या आडोशात स्टोव्ह पेटवला तर?

बंद तंबूत कधीच नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. गुंगी येते आणि आलेली कळत नाही. शिवाय नायलॉन ज्योतीजवळ क्षणात वितळतं. अगदीच नाइलाज असेल तर आउटरचं दार पूर्ण उघडं, स्टोव्ह सपाट दगडावर, पेटवताना तो तंबूबाहेर, आणि इनरची चेन उघडी, म्हणजे पटकन बाहेर पडता येतं.

नवा तंबू आल्यावर काय तपासावं?

निघण्याआधी एकदा पूर्ण लावा. दोन्ही मॅट फुगवून आत ठेवा, दोघं झोपा, दोघं एकदम उठून बसा. पेग मोजा. मग वीस मिनिटं नळाच्या पाण्याचा फवारा वरून सोडा आणि आत बसून शिवणी, चेन आणि माथा यांवर नजर ठेवा. गळती असेल तर ती इथेच कळू द्या.

चेन बंद केली तरी मागून उघडते. चेन बदलावी लागेल का?

सहसा नाही. दात चांगले असतात, झिजतो तो सरकणारा तुकडा, आणि झिजवते ती माती. आधी चेन धुऊन ब्रशने साफ करा. तरीही उघडत असेल तर त्या तुकड्याची मागची कड दोन्ही बाजूंनी पक्कडीने अगदी हलके दाबा आणि चालवून बघा. जास्त दाबलात तर तो मोडतो. पेग ठोकताना दार बंद ठेवा आणि मगच कोपरे ताणा. उघड्या दाराने ताणलेल्या तंबूची चेन नंतर जोर लावूनच लागते आणि लवकर जाते.

जुना, वापरलेला तंबू घेताना काय बघावं?

पिशवी उघडल्यावर आंबूस वास आणि हाताला चिकटपणा लागला, तर तो तिथेच सोडून द्या. आतला पॉलियुरेथेनचा थर दमट साठवणुकीने विरघळत चाललेला असतो आणि तो परत येत नाही. काळे ठिपके म्हणजे बुरशी. डाग राहतात, पण कापड शाबूत असेल तर चालतं. आउटरचा माथा दोन बोटांत धरून हळूच ओढा. उन्हाने जळलेलं नायलॉन टरकन फाटतं, आणि फाटायचंच असेल तर ते विकणाऱ्यासमोर फाटलेलं बरं. पोल जोडून कमान करा आणि सांध्यांच्या कडांवरून नख फिरवा. चीर डोळ्यांआधी नखाला लागते. दुरुस्तीच्या पट्ट्या दिसल्या तर सिलिकॉनच्या कापडावर त्या सिलिकॉननेच चिकटवलेल्या आहेत ना, तेही बघा. साध्या टेपची ठिगळं पहिल्या पावसात सुटतात.